निम्मी जाडी

आमच्या कँटीनमध्ये शेवयांचा उपमा असला, की अण्णा एक शेवई ताटलीच्या कडेला काढायचे, खिशातलं स्क्रूगेज लावून तिची जाडी मोजायचे आणि जाहीर करायचे, "ही तांब्याची असती तर विजेला अडथळा शून्यच धरा की!" मग तीच शेवई खायचे. देवाशप्पथ!

अण्णा मूळचे निपाणीचे. बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात हीटरच्या कॉइल व्हायच्या, त्या विभागाचे सर्वेसर्वा. कॉम्प्युटर अजून साहेबांच्या केबिनमध्ये झाकून ठेवलेला असायचा, तो काळ. मी पुण्याहून कोरी डिग्री घेऊन आलेलो. पहिल्याच दिवशी मी तारेचा 'रोध' म्हणालो, तर म्हणाले, "पुणेकर, पुस्तक मिट. तार म्हणजे बोळ. लांबला की अडथळा वाढला, रुंदावला की कमी झाला. सरी?"

सरी, म्हणजे कन्नडमध्ये 'बरोबर', म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. त्यांचा आकडा तपासायला गेलं की भडकायचे. "उद्या सूर्य कुठनं उगवला तेबी तपास!" त्यात आणखी एक खोड. चिठ्ठीवर तारेची जाडी लिहायची ती निम्मी करूनच. पुढं गणितात त्रिज्या, म्हणजे निम्मीच लागते ना! मी दोनदा तोंडघशी पडलो आणि ते कायमचं शिकलो.

अशा अण्णांनी एका दुपारी माझ्यापुढं चिठ्ठी सरकवली. "किती फूट तार लागंल, बघ जरा."

मी उडालोच. अण्णा विचारतायत? मला?

"घरचं काम हाय," ते म्हणाले. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला होता. पाय आखडायचा, शेक लागायचा. पण त्या पायाला गरम-गार काही कळत नव्हतं. बाजारातल्या शेकायच्या पट्ट्यानं पाय भाजला होता. म्हणून अण्णांनी स्वतःच पट्टा बनवला होता. उद्या बांधायचा होता.

मी ऐटीत कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले. "अठ्ठेचाळीस फूट."

अण्णांचा चेहरा उतरला. "मी बारा घातली रे. चौपट आखूड? म्हणजे चौपट चटका!" ते स्टुलावर बसले. "काल तासभर माझ्याच पायाला बांधून बसलो होतो. नुसती ऊब लागली. माझंबी कातडं मेलंय काय?"

तीस वर्षं आकड्यांवर छाती काढून चाललेला माणूस माझ्या एका आकड्यानं खचला. मी घाबरून चिठ्ठी पुन्हा पाहिली.

"अण्णा, ही जाडी निम्मी करून लिहिलीय ना?"

"न्हाई. आज पुरी लिहिली. तुला पुस्तकाप्रमाणं तपासता यावं म्हणून."

अरे कर्मा! ती निम्मीच असणार, असं मी धरून चाललो होतो. मी जाडी निम्मी केली, तसा अण्णांचा बोळ चौपट अरुंद झाला; पुन्हा गणित मांडलं. बरोबर बारा फूट.

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "आणखी एकदा कर." केलं. "आणखी एकदा." पाच वेळा करवलं. पाचही वेळा बारा.

मग त्यांनी उघडउघड डोळे पुसले.

"त्या दिवशी तिचा पाय भाजत हुता," ते म्हणाले, "आणि ती माझ्याकडं बघून हसत हुती रे."