चांगल्या घरची पाखरं

आमची पद्माक्का पक्षी बघायला तळ्यावर जायची आणि तळ्याकडे पाठ करून बसायची.

तुम्हाला वाटेल, मी गंमत करतोय. मला ती गंमत करायची ऐपतच उरलेली नाही. नव्वदनंतरच्या कितीतरी हिवाळ्यांतले माझे रविवार या पाठ करून बसण्यात गेले आहेत. कळंबा तलावाच्या काठाला थंडीत हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. पाण्यात बदकं, बगळे, खंड्या, लांब पायांचे परदेशी पाहुणे अशी जत्रा भरलेली असते. ती मंडळी पाण्याकडे तोंड करून उभी, आणि त्यांच्या मधोमध सतरंजी टाकून, जोंधळ्याच्या शेताकडे तोंड करून आमची आक्का. शेजारी मी.

कारण एकच. पाण्यातले पक्षी मासे खातात.

"तिकडं काय बघतोस, दिलीप? मासं गिळतंय ते मेलं," असं ती मला सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. बगळ्यावर तिचा विशेष राग. "कसा डोळं मिटून हुबा हाय बघ. ढोंगी!" खंड्याचा निळा रंग बघून एकदा माझ्या तोंडून "वा!" निघालं, तर तिनं माझी मान धरून शेताकडे वळवली. मी तेव्हा दोन पोरांचा बाप होतो.

शेतात मात्र तिला स्वर्ग होता. दाणे खाणारी पाखरं तेवढी आक्काच्या लेखी बघण्यासारखी. हिवाळ्यात पिवळ्या पोटाचे भारीट थव्याने जोंधळ्यावर उतरले की ती समाधानाने म्हणायची, "चांगल्या घरचं पाखरू हाय." आणि सगळ्यांत चांगल्या घरची म्हणजे रानचिमणी. आपल्या घरातल्या चिमणीसारखीच, पण नराच्या गळ्याखाली हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका. ही गावात येत नाही, सहजासहजी दिसत नाही, आणि दिसली की आक्का "घावली! घावली!" अशी आरोळी ठोकायची. त्यासरशी चिमणी उडून जायची. मग आक्का माझ्याकडे बघायची, जणू मीच हुसकली.

पद्माक्का आमच्या शेजारची. माहेर हातकणंगल्याकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. साठी उलटलेली, नवरा वारलेला, मुलगा बंगळूरला. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात दर्शन, सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळल्याशिवाय प्यायची नाही. पण ही पाखरांची जातपात तिची स्वतःची. तिच्या दिरांनीच मला एकदा हात जोडून सांगितलं, "आमच्यात असलं कुठं लिहिलेलं न्हाई, पावणं. हे तिच्या डोस्क्यातनं आलंय."

आणि तिच्या डोक्यातून जे येतं ते माझ्या स्कूटरवर बसतं. रविवारी उजाडायच्या आत दारावर थाप. "गाडी काढ, मी आलो." आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणायची. कोल्हापुरातल्या माणसाचा रविवार कशासाठी असतो हे मी सांगायला नको. मी तळ्यावरून परत येईपर्यंत मटणाच्या दुकानातली रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली असायची आणि माझ्या वाट्याला नुसती हाडं यायची. ती पिशवीही मला शर्टाच्या आत लपवून जिना चढावा लागायचा.

बरं, थर्मासमधला चहा प्यावा, तर तो बिनसाखरेचा. गुळाच्या गावात राहून या बाईला गोड चालत नव्हतं. "नेम हाय माझा," एवढंच म्हणायची. नेम तिचा, तोंड वाकडं माझं.

परतीच्या वाटेवर आणखी एक तऱ्हा. नाक्यावरच्या एसटीडी बूथपाशी ती माझ्या पाठीवर बुक्की मारायची. "हळू घे." मी हळू घेतली, की ती त्या काचेच्या खोक्याकडे बघायची आणि म्हणायची, "चल, चल. थांबलास कशाला?"

हे का, ते मला ठाऊक होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. मुलगा अजित सुट्टीला आला असताना बोलता बोलता म्हणाला, मी बंगळूरला ऑम्लेट खातो. संध्याकाळी आक्कानं त्याचं ताट वेगळं मांडलं, भिंतीकडे. अजित न जेवता उठला आणि रात्रीच्या गाडीने गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, आणि ही करत नाही. एका अंड्यापायी आई-मुलगा दोन वर्षं अबोल! मी भांडलो होतो तिच्याशी. "मला शिकवू नकोस," म्हणाली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा थाप.

त्याच सुमारास मला एका पुस्तकात एक रत्न सापडलं. चिमण्या स्वतः दाणे खात असल्या, तरी पिलांना अळ्या आणि किडे भरवतात. रानचिमणीसुद्धा! आक्का फक्त थंडीत जायची, तेव्हा पिलं नसतात, म्हणून तिला पत्ता नव्हता. मला वाटलं, सुटलो. हे सांगितलं की तिची चांगल्या घरची पाखरं संपली आणि माझे रविवार मोकळे. पण माझी बायको मंगल म्हणाली, "खबरदार. तिला दुसरं हाय काय?" मी गप्प बसलो, पण ते अस्त्र खिशात ठेवून होतो.

त्या वर्षी आक्काचा गुडघा धरला आणि सगळी थंडी घरात गेली. शिमगा झाला, ऊन तापलं, तरी तिचं एकच. "औंदा रानचिमणी बघितली न्हाई." शेवटी एका रविवारी तिला घेऊन गेलो. मनात म्हटलं, चला, आता आपोआपच कळेल, मला बोलायचीसुद्धा गरज नाही.

शेतं कापून झाली होती. बांधावरच्या आंब्याला एक ढोली होती, आणि तिच्या तोंडाशी रानचिमणी बसलेली मला आधी दिसली. चोचीत हिरवी, वळवळणारी अळी. मी दुर्बीण खाली घेतली आणि कसं कोण जाणे, जाऊन आक्काच्या समोरच उभा राहिलो.

"इथं काही नाही, आक्का. चला घरी."

"बाजूला सर की!"

"ऊन लागेल तुम्हाला."

तिनं मला कोपरानं ढकललं आणि माझ्या हातातली दुर्बीण घेऊन डोळ्यांना लावली. मी आरोळीची वाट बघत होतो. आरोळी आली नाही. चिमणी ढोलीत गेली, आतून पिलांचा कालवा झाला, ती बाहेर आली, पुन्हा अळी घेऊन आली. आक्का बघतच होती.

"पोरासाठी नेतीया," ती म्हणाली. तिचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "चांगल्या घरचीच हाय."

मग सतरंजीवर बसून तिनं सांगितलं. अजित पाच वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला होता. अंगावर नुसती कातडी राहिली. डॉक्टर म्हणाले, अंडं द्या. मालक परगावी. हिनं दोन गल्ल्या सोडून पदराखालून अंडी आणली, परसात चुलीवर उकडली, कुस्करून भातात कालवून भरवली. रोज. पोरगं उठून बसलं तेव्हा ते भांडं टाकून दिलं, बस्तीत जाऊन हात जोडले आणि गोड सोडलं. जन्माचं.

"अजितला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई." तिनं पदरानं दुर्बिणीची काच पुसली. काच स्वच्छच होती. "मीच भरवलं, आणि मीच त्याचं ताट भिंतीकडं मांडलं. कसली आई म्हणायची मी?"

माझं अस्त्र खिशातच राहिलं, आणि त्याची मला लाज वाटली.

परतताना बूथपाशी पाठीत बुक्की बसली. मी हळू केली. "थांब की," ती म्हणाली. बूथचं दार लावून घेतलं तरी आक्काचा आवाज तो, नाक्यावरच्या सगळ्यांनी ऐकला.

"अजित? मी बोलतो. व्हय, बरी हाय. रानचिमणी बघून आलो... आता कुठली थंडी, पिलं हाईत तिला... ते जाऊ दे. तू ये. घरात अंडं चालायचं न्हाई, आधीच सांगतो. पण तू ये. तुला एक सांगायचं हाय, ते फोनवर सांगण्यासारखं न्हाई." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "रविवारी ये. पहाटं गाडी येती न्हवं? दिलीप येतोय तुला न्यायला. त्याला रविवारी काय काम असतंय?"

मटण त्याही रविवारी गेलं. आम्ही अंधारात स्टँडवर जाऊन बसलो, उजाडल्यावर बिनसाखरेचा चहा प्यालो. बंगळूरच्या बाजूने येणारी प्रत्येक गाडी आक्का दुर्बिणीतून तपासत होती आणि लोक आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आक्का, गाडी थांबल्यावर माणसं उतरतातच. दुर्बीण कशाला?"

"तू गप," ती म्हणाली.

तिसऱ्या गाडीतून अजित उतरला. केस विरळ झाले होते, हातात बॅग. आक्का उठली आणि तळ्यावरच्या आवाजात ओरडली, "घावला! घावला!"

अख्खं स्टँड वळून बघायला लागलं. अजितही बघायला लागला, आणि बॅग तिथेच टाकून आमच्याकडे चालत आला.