हरवलेला लहान मेंदू

बाल्कन पर्वताच्या अलीकडे आपल्यासारखा गुप्तहेर नाही, असं अस्पारुह काराबेलोव सांगत. पलीकडची चौकशी त्यांनी केली नव्हती. निवृत्तीपूर्वी ते प्लोवदिव शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासत. सहायक दांचो हे सारं पाठ झाल्यासारखं ऐके.

आज वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूच्या लाकडी प्रतिकृतीतून लहान मेंदू गायब होता आणि काराबेलोव तपासाला हजर होते. विद्यार्थिनी रालित्साची तोंडी परीक्षेची ही तिसरी, म्हणजे शेवटची संधी. तिने उचललेल्या चिठ्ठीवर विषय होता मज्जासंस्था. प्रतिकृती अपुरी तर परीक्षा नाही, हा प्राध्यापकांचा नियम.

"अकरापर्यंत सापडला नाही, तर पोरी, घरी जा," प्राध्यापक म्हणाले.

रालित्साच्या डोळ्यांत पाणी आलं. काराबेलोवांनी मात्र दारातलं पाणी पाहिलं.

"चोर बर्फावरून आला!"

"जून आहे, साहेब," दांचो म्हणाला. "परीक्षेला जाणाऱ्यापुढे शुभ म्हणून पाणी ओततात. तुमच्या आईनं नव्हतं ओतलं?"

"ओतलं होतं. तरी मी नापास झालो, म्हणून हा पुरावा संशयास्पद आहे." त्यांनी मिशी कुरवाळली. "लहान मेंदू कोण चोरेल? ज्याचा तोल जातो तो. म्हणजे दारुडा! प्राध्यापक, काल काय प्यालात?"

"ताक," प्राध्यापक थंडपणे म्हणाले.

तेवढ्यात शिपाई पेनका मावशीने कॉफी आणून टेबलावर ठेवली. "अहो, तो रेघारेघांचा तुकडा शोधताय का? तो तर..."

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये!"

काराबेलोव पुराव्यासाठी टेबलाखाली वाकले, त्याच्या एका पायाखालचं काहीतरी उपसून बाजूला फेकलं आणि टेबलावर हात टेकून उठले. टेबल कलंडलं. उकळती कॉफी हातावर आली. हात झटकन मागे गेला आणि मग किंकाळी फुटली.

"सांगत होते ना," मावशी म्हणाली. "पोरीसाठी दारात पाणी ओतलं, ते आत वाहिलं, तर टेबलाच्या आखूड पायाखालचा पुठ्ठा भिजून लगदा झाला. हाताशी आला तो तुकडा लावला."

प्राध्यापकांनी जमिनीवरचा लहान मेंदू उचलून प्रतिकृतीत बसवला. मग रालित्साकडे वळले. "आत्ता काय घडलं?"

"हात मज्जारज्जूनं मागे घेतला, सर. मोठ्या मेंदूला बातमी नंतर पोचली, म्हणून ओरडणं उशिरा. छातीची धडधड मस्तिष्कस्तंभ सांभाळतोय."

"आणि लहान मेंदू?"

"तोल सांभाळतो. सकाळपासून टेबलाचा सांभाळत होता."

प्राध्यापकांनी सहापैकी सहा गुण दिले.

"आणखी एक प्रकरण सोडवलं!" काराबेलोव हातावर फुंकर घालत म्हणाले. "दांचो, अहवाल लिही."

दांचोने लिहिलं: मोठा मेंदू विचार करतो. प्रस्तुत तपासात त्याला त्रास दिला नाही.