इनासकाकांचा उपवास

उपवासकाळ आला की आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांत कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी मोबाइलवरच्या मालिका. इनासकाकांना यंदा फादरांनी सल्ले सोडायला लावले. ईस्टरपर्यंत फुटबॉलच्या मैदानावर प्रशिक्षकाला एक शब्द बोलायचा नाही. पापनिवेदनातली गोष्ट फादर कुणाला सांगणार नाहीत. ती काकांनीच माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत पोचवली. "मी काय बोलत नाय," ते म्हणाले, "पण फादरला फुटबॉलमधलं काय कळतंय?"

काका माझे शेजारी. त्यांच्या वाडीच्या अर्ध्या भागावर आमची बिल्डिंग उभी राहिली, उरलेल्या अर्ध्यात ते राजेळी केळी लावतात. मी कॉलेजात हेडक्लार्क. आमच्या कॉलेजचा प्रत्येक सामना काका घरची खुर्ची नेऊन रेषेला चिकटून बघतात आणि 'मी काय बोलत नाय, पण' अशी सुरुवात करून शेवटच्या शिट्टीपर्यंत बोलतात. आमचा संघ खेळापेक्षा हाणामारीसाठीच नावाजलेला. तो सुधारायला आलेले प्रशिक्षक पोरांना पुरून उरले, पण काकांपुढे टिकले नाहीत. एकाने तर अर्ध्या सामन्यातच काढता पाय घेतला.

यंदा तुळिंजहून तेजल मॅडम प्रशिक्षक म्हणून आल्या. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "सावंत, ह्याही गेल्या तर फुटबॉल बंद. मैदानावर पार्किंग करू." मी हे काकांच्या कानावर घातलं. काका त्याच आठवड्यात फादरांकडे गेले.

मॅडमची पद्धत अशी की पोरं आठवडेच्या आठवडे नुसती जोडीजोडीने पास देत होती. पंचाला शिवी दिली म्हणून सगळ्यात जास्त गोल मारणारा पोरगाच त्यांनी बाहेर बसवला. संघ हरत होता, फक्त आता शिस्तीत हरत होता.

उपवासकाळातल्या पहिल्या सामन्याला काका केळ्यांची अख्खी फणी घेऊन आले. तोंडात सल्ला आला की ते केळं सोलून आत कोंबायचे. लोक मूग गिळून गप्प बसतात असं ऐकून होतो. काकांनी मध्यंतरापर्यंत फणी संपवली. मग माझ्या कानाशी आले. "मी काय बोलत नाय, पण तुम्ही बोला ना! त्या डाव्या पोराला मागे बोलवा."

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी शेजारधर्म म्हणून मी ओरडलो. मॅडमनी वळून माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीमागे सरकलो. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या.

"सर, तुम्ही पूर्वी खेळायचात का?"

"छे! मी फक्त केळी खातो," मी म्हणालो. त्यांना काय समजलं देव जाणे.

असा तो उपवासकाळ सरला. चर्चमध्ये ईस्टरची मिस्सा झाली, काकांचं तोंड मोकळं झालं, आणि पुढच्याच रविवारी सामना होता. माझं धाबं दणाणलं. काका खुर्ची घेऊन आले, पण केळी आणली नव्हती. कशाला आणतील?

आमच्यावर दोन गोल झालेले. तिसरा तर आमच्या उंच, हडकुळ्या गोलकीपरच्या पायांमधून अलगद आत गेला. सगळं मैदान काकांकडे वळलं. काका उठले आणि रेषेच्या कडेने थेट गोलच्या मागे गेले. त्यांना आवरायला मी मागोमाग धावलो.

काकांनी जाळीला हात लावला. हळूच म्हणाले, "होतं रे बाबा. पुढचा बघ."

पोराने मागे वळून बघितलं आणि मान हलवली. मी काकांपाशी पोचलो. काका जाळी धरूनच बोलत होते.

"आमचा रॉबर्ट ह्याच गोलमध्ये उभा राहायचा. आणि मी इथंच, मागे. सारखा ओरडायचो, सावंत. एकदा चालू सामन्यात त्यानं हातमोजे काढले, ह्या खांबाशी ठेवले नि घरी गेला. पुन्हा खेळला नाय. आता ऑस्ट्रेलियात असतो. रविवारी फोन करतो, आईशी तासभर बोलतो. मला विचारतो, पप्पा, वसईत पाऊस आहे का?"

मीही जाळी धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

सामना हरलोच. पण आमच्या पोरांनी समोरच्यांशी हात मिळवले, पंचाशीसुद्धा, आणि एकाचीही कॉलर फाटली नाही. मॅडम चेंडूंची जाळी ओढत काकांच्या खुर्चीपाशी आल्या. चेहरा उतरला होता.

"काका, उपवास सुटला ना तुमचा?" त्या म्हणाल्या. "आता बोला काय बोलायचं ते. ऐकते मी."

काकांनी सवयीने फणीसाठी हात खाली नेला. तिथे काहीच नव्हतं.

"मी काय बोलत नाय," ते म्हणाले, "पण..."

मी डोळे मिटून घेतले.

"पण उद्या येशील ना, बाय?"

मॅडमनी जाळी खांद्यावर टाकली. "सहा वाजता सराव आहे," त्या म्हणाल्या. "येताना खुर्ची आणा."