रिकाम्या एंटरची कायमस्वरूपी व्यवस्था

कोणतीही अडचण पुरेशी जुनी झाली की तिला पद्धत म्हणतात, आणि पद्धत म्हटली की तिच्यासाठी माणूस नेमावा लागतो. आमच्या जन्मनोंदणी कार्यालयाने हा नियम ज्या निष्ठेने पाळला, तिला तोड नाही.

आमचा युनिक्स सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारा मुख्य संगणक, शेजारच्या इमारतीच्या तळघरात असतो. त्याला आम्ही 'आजोबा' म्हणतो, कारण तो थंड खोलीत बसतो, मोजकं बोलतो आणि तीनदा चुकीचा पासवर्ड दिला तर दिवसभर ओळख दाखवत नाही. आम्ही चौदा कारकून वरच्या मजल्यावरून, संगणकावरच्या एका काळ्या चौकटीतून त्याच्याशी बोलतो. दहा मिनिटं कोणी काही टाइप केलं नाही, की आजोबा फोन ठेवतात. मग चौकट गोठते, अर्धवट भरलेली नोंद वाया जाते आणि काचेपलीकडे उभा असलेला बाळाचा बाप पुन्हा आजोळच्या पत्त्यापासून सुरुवात करतो.

जोडणी तुटल्यावर काय करावं याची लेखी कार्यपद्धती आहे. आधी वायर हलवून पाहावी. मग शेजाऱ्याची जोडणी चालू आहे का ते बघावं. असल्यास हळहळावं, नसल्यास समाधान मानावं. तरी भागलं नाही तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा आणि तोवर चहा घ्यावा. ही कार्यपद्धती लागू झाली त्या वर्षी बासष्ट टक्के जोडण्या चहाने दुरुस्त झाल्या. (उरलेल्या अडतीस टक्क्यांना दुसरा चहा लागला.)

या सगळ्यावरचा कायमचा उपाय म्हणजे मावशी. हुद्दा 'जोडणी-जागृती सहायक', नेमणूक अकरा वर्षांपूर्वीची. दर आठ मिनिटांनी त्या चौदाही टेबलांवरून फिरतात आणि प्रत्येकाच्या संगणकावर एकदा एंटर दाबतात. नुसता एंटर, रिकाम्या ओळीवर. दाबता दाबता एक प्रश्नही विचारतात: ताप उतरला का, सासूबाई परत गेल्या का, धाकटीचं गणित जमतंय का. हा प्रश्न कार्यपद्धतीत नाही, पण त्याला आजवर कोणी हरकतही घेतलेली नाही.

यंदा मावशींच्या मुलीचे दिवस भरत आले. मुलगी परगावी, त्यातून पहिलंच बाळंतपण. मावशींनी पंधरा दिवसांची रजा मागितली. अकरा वर्षांतली पहिली.

साहेबांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून दोनदा वाचला. "मावशी, तुम्ही गेलात तर एंटर कोण दाबणार?"

"साहेब, बाळ काय माझ्या एंटरसाठी थांबणार आहे होय?"

बाळ थांबत नाही, हे जन्मनोंदणी कार्यालयाला तरी मान्य करावंच लागतं. समिती बसली. पर्यायी व्यवस्था म्हणून सात नंबरच्या टेबलावर एंटरच्या बटणावर पेपरवेट ठेवण्यात आला. एंटर कुठे दाबायचा हे मावशींना कळतं, पेपरवेटला कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने एक हजार एकशे चाळीस निनावी बाळं नोंदवली. (वार्षिक उद्दिष्ट त्याच दिवशी पूर्ण झालं. नोंदी रद्द केलेल्या नाहीत.) समितीने मावशींना पर्याय नसल्याचा गौरवपूर्ण ठराव केला आणि रजा नामंजूर केली. पुढच्या फेरीत मावशींनी कोणाला काहीच विचारलं नाही. आम्हा चौदाही जणांना फार वाईट वाटलं.

शेवटी न राहवून चार नंबरच्या टेबलावरच्या बाईंनी साहेबांना न विचारता एका तंत्रज्ञ मुलीला बोलावून घेतलं. तिने मावशींची एक फेरी उभ्याने पाहिली.

"अकरा वर्षांत कोणीच सेटिंग उघडून पाहिलं नाही?"

"कशाला पाहणार?" आम्ही म्हणालो. "मावशी होत्या की."

तिने एक रिकामा चौकोन शोधला आणि त्यात साठ हा आकडा भरला. आता दर साठ सेकंदांनी आमचा संगणक आपणहून आजोबांना एक रिकामा निरोप पाठवणार होता. चौदा टेबलं, एकोणीस मिनिटं. साहेब दुखावले. इतका जुना प्रश्न इतक्या लवकर सुटणं त्यांना शिस्तीला धरून वाटलं नाही.

"मग आता रजा?" मावशींनी विचारलं.

"आता कसली रजा? आता तुम्हाला कामच नाही. काम नसेल तर रजा घेणार कशातून?"

तर्क बिनतोड होता. मावशींनी पिशवी उचलली. "मग रजा राहू द्या साहेब. मी नुसतीच जाते."

आणि गेल्यासुद्धा. बाळाच्या एक दिवस आधी पोहोचल्या. नात झाली, ठणठणीत. (वजन सूचना-फलकावर लावलं आहे.) हुद्दा रद्द करण्याची फाइल साहेबांच्या टेबलावर पडून आहे, साहेब ती रोज डावीकडून उजवीकडे ठेवतात.

त्यानंतर जोडणी एकदाही तुटलेली नाही. मात्र बारा नंबरचे गृहस्थ तीन दिवस तापात कामाला येत होते, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. आता रोज अकरा वाजता मावशींचा फोनवर निरोप येतो: 'चहा झाला का?' बाकी मजकूर नाही. चौदाही जण लगेच उत्तर देतात. सरासरी चार सेकंद. नात रडत असली तर निरोपाला उशीर होतो, आणि तोवर इथे एकही जन्म नोंदवला जात नाही.

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल. तुमच्याही फोनवर रोज सकाळी कोणीतरी फुलाचं चित्र पाठवतं, किंवा जेवलास का म्हणून विचारतं. त्यात मजकूर काहीच नसतो, म्हणून तुम्ही ते उघडतही नाही. बरोबरच आहे तुमचं. उत्तर येईनासं झालं की जोडणी तोडावी, असं यंत्रांमध्ये बसवलेलंच असतं. आया, आत्या आणि मावश्यांमध्ये ते अजून कोणी बसवलेलं नाही, म्हणून तुमचं चाललंय.