कपाशीचं नाव काढायचं नाही

"हे तिसरं ठिकाण हाये, अंगद. कपाशीचं नाव काढायचं न्हाई," अंबडला पाहायच्या मुलीच्या दारात चपला काढताना वंदनाबाईंनी लेकाला पुन्हा बजावलं.

अंगद वडीगोद्रीला कपाशीचे बीजप्लॉट करायचा. एका झाडाच्या फुलाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायचं हे काम, आणि त्यावर त्याचा असा जीव की मागच्या दोन ठिकाणी तो बोलतच राहिला आणि पोहे गार होऊन गेले. आजची मुलगी तृप्ती रत्नागिरीला शार्क माशांवर अभ्यास करणारी. म्हणून गडी आठवडाभर मोबाइलवर शार्कच बघत बसला होता.

तिकडे आजी साळूबाईनं तृप्तीला दम भरला होता, "पोराचं घर माळकरी हाये. माशाचं नाव काढू नको." हे अंगदला काय ठाऊक.

त्यानं घसा साफ केला. "झेब्रा शार्कच्या पिल्लाला पट्टे असतात. मोठं झालं की पट्टे जाऊन ठिपके येतात."

वंदनाबाई गळ्यातली माळ चाचपू लागल्या.

"कपाशीचं फूलबी रंग बदलतं," तृप्ती हळूच म्हणाली. "आज उमललं तर पांढरट, उद्या गुलाबी."

अंगद चमकला. "शार्कच्या अंड्याला धागे असतात. त्यानं ते तळाला धरून राहतं."

"सरकीलाबी असतात की. त्याचाच तर कापूस."

आता दोघांनाही थांबवेना.

"त्या शार्कच्या मादीला कधी कधी नराबिगरबी पिल्लं होतात."

"कपाशीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात. त्याचंबी कुणावाचून अडत न्हाई."

साळूबाईच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

"मंग आपण इथं कशापायी जमून राह्यलो?" तिनं विचारलं.

वंदनाबाईंनी उठायला पदर सावरला. हेही ठिकाण गेलं, अंगदच्या मनात आलं; मग जाता जाता तरी आपल्या मनातलं बोलावं.

"आजी, एकट्यानं भागतं, बिलकुल भागतं. पण नवा वाण पाहिजे असंल तर दुसऱ्या झाडाचं फूल आणून लावावंच लागतं. हलक्या हातानं. मी तेच करून राह्यलो रोज."

साळूबाईनं नातीकडं मान वळवली. "आन तुझ्या माशाचं गं?"

तृप्तीनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "नर भेटला तर ती न्हाई म्हणत न्हाई."

अडकित्ता वाजला. वंदनाबाई पुन्हा खाली बसल्या.

कपाशीचं फूल गुलाबी व्हायला मधे एक रात्र जावी लागते. अंगदच्या कानांना तेवढाही दम निघाला नाही.