मांडवकरदादांची ट्रायल

मांडवकरदादांची बायको म्हणून मी एक अख्खा शुक्रवार दुबईत वावरलो आहे. त्याच दिवशी आमच्या खोलीतला बाजीराव, कोल्हापूरचा, गलमिशा राखलेला, साइटवर क्रेनवाल्याला हातानं खुणा करणारा गडी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी झाला होता. दादा मधे, डावीकडे मी, उजवीकडे लेक. रस्ता ओलांडताना दादांनी आम्हा दोघांचे हात धरले. समोरून येणारा एक पठाण थांबून बघत राहिला. दादांनी त्याला सलाम केला आणि मला म्हणाले, "पदर सांभाळ."

ही ट्रायल होती.

गोपाळ मांडवकर गुहागरकडचे. शारजात रोल्ला नावाच्या भागात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो, त्यात ते वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत जुने. काम शटरिंगच्या सुताराचं, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा जो साचा उभा करतात, तो करण्याचं. या कामात एक वाईट गोष्ट आहे. ओतलेलं परत काढता येत नाही. साचा तिरका तर खांब तिरका, आणि तो खांब मग बिल्डिंग असेपर्यंत तुमच्याकडे बघत राहतो. दादांनी ही गोष्ट साइटवर न ठेवता खोलीवर आणली होती. "एकदा ओतलं की खलास," ते म्हणायचे. "आधी ट्रायल, मग काम."

कुणी गावाहून येणार असेल तर दादा आदल्या दिवशी एअरपोर्टला जाऊन उभे राहून यायचे. माणसं कुठल्या दारातून येतात, आल्यावर कुणीकडे बघतात, हे बघून ठेवायचे. न्हाव्याकडे गेले की आधी एका कानामागचे केस कापून घ्यायचे, आरशात नीट बघायचे, आणि मगच उरलेल्या डोक्याला परवानगी द्यायचे. तो केरळी न्हावी त्यांना बघितलं की आरसा आधीच हातात घेऊन बसायचा. एकदा त्यांना आजारपणाची रजा घ्यायची होती. त्याआधी एका शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, दिवसभर अंथरुणात पडून बघितलं. कंटाळा आला. रजा घेतलीच नाही.

हसायचं म्हणून हे सांगतोय, पण मी त्यांना हसणं बरं नव्हे. मी सातवीतून शाळा सोडलेला. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी दुसऱ्याच्या मागे सरकतो, आजही सरकतो. नवा होतो तेव्हा इंजिनिअरसमोर उभं राहायचं या भीतीनं मला जेवण जाईना. दादा उपडी बादली घेऊन तिच्यावर इंजिनिअर होऊन बसले. "नेम?" मी गप्प. "फेल. बाहेर जा, परत ये." असं करत करत त्यांनी मला पास केलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या इंजिनिअरनं काहीच विचारलं नाही, नुसतं बोटानं सळयांचा ढीग दाखवला. पण मी त्याच्यासमोर सरळ उभा राहिलो, ते त्या बादलीमुळे.

तर एका वर्षी दादांची बायको आणि मुलगी दिवाळीच्या सुट्टीत दुबई बघायला येणार असं ठरलं. दादांचा मावसभाऊ रोल्लालाच फॅमिली घेऊन राहायचा. तो घरच्यांसह गावी जाणार होता, फ्लॅट रिकामा पडणार होता, व्हिसाही त्यानंच काढून दिला. आमच्या खोलीत आनंद झाला. दादांना मात्र घाम फुटला.

"मुलगी माझ्याशी बोलत नाय रे," एकदा डाळीला फोडणी देता देता ते म्हणाले.

"लहान आहे दादा."

"लहान कसली, चौथीत आहे. मी दोन वर्षांनी गावाला जातो. तिला माझी सवय होईपर्यंत रजा संपते. फोनवर येते तर नुसता श्वास ऐकू येतो, मग आई घेते फोन. घरात समोर बसलो असलो तरी आईला म्हणते, 'त्यांना सांग, पान वाढलंय.' त्यांना! मी काय तलाठी आहे?" त्यांनी गॅस बारीक केला. "या खेपेला ती एकदा सरळ माझ्याशी बोलली पाहिजे. बाकी दुबई बघितली नाय तरी चालेल."

थंडीत दुबईला मोकळ्या मैदानावर देशोदेशीची जत्रा भरायची. त्या साली तिथं 'पॉलिनेशियन व्हिलेज' होतं. दादांनी बसमध्ये त्याची जाहिरात बघितली. हा देश कुठं आला, हे खोलीत कुणालाच सांगता येईना. मला भूगोलाच्या पुस्तकातला प्रशांत महासागर आठवत होता, पण त्यात निळ्या रंगावर नुसते ठिपके होते. जाहिरातीत माड होते, झावळ्यांच्या झोपड्या होत्या, होडी होती. दादा खूश झाले. "पोरीला परकं वाटणार नाय." आणि तिकडे जायचं म्हणजे आधी ट्रायल आलीच.

ट्रायलच्या दिवशी त्या गावाच्या दारातच घोटाळा झाला. फुलांचा हार घेऊन एक उंच, हसरी बाई उभी होती. तिनं दादांच्या गळ्यात हार घातला. आता आपल्याकडे सत्कारात हार पडला की माणूस काय करतो? लगेच काढून हातात घेतो आणि नमस्कार करतो. गळ्यात ठेवून मिरवणं बरं दिसत नाही. दादांनी हार काढला, नमस्कार केला. बाईचा चेहरा पडला. तिनं हार घेऊन पुन्हा गळ्यात घातला. दादांनी आणखी नम्र होऊन पुन्हा काढला. तिसऱ्यांदा ती हार धरूनच उभी राहिली. मागे रांग खोळंबली. शेवटी माइकवाला गोवानी माणूस धावत आला. "अरे चाचा, निकालो मत! इनके यहाँ देनेवाले के सामने हार निकाला तो मतलब आपका प्यार नहीं चाहिए."

दादा हादरले. "प्यार चाहिए, मॅडम. प्यार चाहिए," म्हणत त्यांनी मान पुढे केली. तो हार त्यांनी रोल्लाला खोलीत पोचेपर्यंत काढला नाही.

आत गेल्यावर दादा लेकीशी बोलायची ट्रायल करू लागले. "हे बघ बाळा, होडी. आपल्या खाडीत असते तशी."

"बाबा, मला आइस्क्रीम," बाजीराव म्हणाला.

"नाय. ती काही मागत नाय. गप्प बस."

"मग म्या काय करू?"

"गप्पच बस. मी विचारीन, तू बोलू नको."

मग त्यांनी विचारलं, शाळा कशी चाललीय. बाजीराव गप्प. मैत्रीण कोण. गप्प. माझी आठवण येते का? बाजीराव होडीकडे बघत राहिला. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आयला, मलाच रडू यायलंय की रं. ह्या माणसाला बास म्हणून सांगा कुणीतरी."

शेवटी नाच होता. गवताचे झगे घालून बाया-माणसं ढोलावर नाचत, आणि मधेच तो गोवानी प्रेक्षकांतल्या एखाद्या बापाला स्टेजवर ओढून नेई. त्याला गवत नेसवायचं, चार पावलं शिकवायची, लोकांनी हसायचं. त्याची पोरं तर आनंदानं किंचाळत होती. दादांनी तो कार्यक्रम सलग दोनदा बघितला. गोवानी नेहमी दुसऱ्या रांगेच्या टोकावरून माणूस उचलतो, हे हेरलं. पुढचे दहाबारा दिवस आमच्या खोलीत दोन दुमजली खाटांच्या मधे दादा कमरेला टॉवेल गुंडाळून, गुडघे वाकवून पावलं टाकत होते. तोंडानं ढोल वाजवायचं काम माझ्याकडे होतं.

मग वहिनी आणि रेश्मा आल्या, आणि शुक्रवारी खरी वेळ आली. "तू चल," दादा मला म्हणाले, "तुला सगळं माहितीय."

बसमध्ये रेश्मा खिडकीशी बसली होती. दोन वेण्या, नवा फ्रॉक. "आई, त्यांना विचार, अजून किती लांब आहे." वहिनींनी विचारलं. दादांनी वहिनींना सांगितलं. वहिनींनी रेश्माला सांगितलं. टेलिफोन एक्स्चेंजसारखं चाललं होतं.

हाराबद्दल दादांनी वहिनींना घरीच पढवून ठेवलं होतं, काढायचा नाही म्हणून. पण बायकांना हार घालायला त्या दिवशी एक उघडाबंब, छातीभर गोंदलेला जवान उभा होता. तो हार घेऊन पुढे आला तशा वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. "अहो! हा बाप्या मला हार घालतोय!"

"पद्धत आहे त्यांची."

"असेल त्यांची! माझ्या गळ्यात एकदा पडलाय तो पुरे आहे!"

दादांनी त्या जवानाच्या हातातून हार घेतला, त्याला खुणेनं काहीतरी समजावलं आणि स्वतः वहिनींच्या गळ्यात घातला. जवानानं टाळ्या वाजवल्या. वहिनी लाल झाल्या. रेश्मा दुसरीकडे बघत होती.

आत शिरल्यावर वहिनींनी माड बघितले, झोपड्या बघितल्या, सोललेल्या नारळांचा ढीग बघितला. "हे दाखवायला विमानानं आणलंत? आपल्या परसात काय वेगळं आहे?" दादा होडीकडे गेले. "हे बघ बाळा, होडी." रेश्मानं होडी बघितली. शाळा कशी चाललीय, याला तिनं मान हलवली. मैत्रीण कोण, यावर आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाजीरावनं अगदी बरोबर करून दाखवलं होतं.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. टोकाला दादा. गोवानी आला आणि त्यांनाच उचललं. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दादांच्या इस्त्रीच्या पँटवर गवत बांधलं गेलं. ढोल सुरू झाला. पहिली चार पावलं अशी पडली की त्या नाचणाऱ्यांनीही मान डोलावली. मग ढोल वाढला. माझ्या तोंडाचा ढोल एवढा कधी वाढला नव्हता. दादा गडबडले, एक पाय थबकला, आणि पुढच्या ठेक्याला त्यांचं अंग आपोआप आपल्या कोकणातल्या बाल्या नाचात शिरलं. कमरेत वाकून, एक पाय आपटत, गोल गिरक्या. गवत उडतंय, चष्मा घसरलाय, नाचणाऱ्या बाया बाजूला झाल्यात, आणि हा माणूस एकटा घुमतोय. मैदान हसून लोळायला आलं.

ढोल थांबला. गोवानीनं माइक घेतला. "वाह, चाचा! किसका पापा है ये? बच्चे लोग, हाथ ऊपर! हूज पापा?"

मी रेश्माकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती, अगदी गुडघ्यांपर्यंत. दोन्ही हात तोंडावर. खांदे आवळलेले. वहिनी तिला कोपरानं ढोसत होत्या. हात वर गेला नाही.

"किसीका नहीं? अरे, किसका पापा?"

स्टेजवरून दादांनाही दिसत होतं ते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि माइकजवळ वाकून, इंजिनिअरला सांगावं तसं सांगितलं, "नो सर. नो फॅमिली. मैं बॅचलर."

लोक आणखी हसले. गोवानीनं दादांची पाठ थोपटली. "यल्ला, चलो, बॅचलर के लिए ताली!"

"काय म्हणाले हे?" वहिनींनी मला विचारलं. "बॅचलर म्हणजे?"

इथं बायको-पोरं जवळ नसलेल्या प्रत्येकाला बॅचलरच म्हणतात. कागदावर आम्ही सगळेच बॅचलर. "म्हणजे एकटा, वहिनी. कोणी नसलेला."

रेश्मानं मान वर केली.

बाहेर बसच्या रांगेत उभे होतो. उजेड होता अजून. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दादा सर्वांच्या मागे. रेश्मा आईजवळून निघाली, मला ओलांडून मागे गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही खोटं का बोललात?"

दादांनी आपल्या मागे कोण आहे ते वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?"

"एकटा आहे म्हणालात. आम्ही बसलो होतो ना तिथं."

"तू मान खाली घातलीस," दादा हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुला लाज वाटतेय."

"लाज नाही. मला हसू येत होतं. आवरतच नव्हतं." ती तोंड दाबून पुन्हा हसायला लागली. "तुम्ही बाल्या नाच का केलात?"

"पाय चुकले गं."

"चुकले नाहीत. आमच्या वाडीतले सगळे असेच नाचतात. पण ते गिरकी उलटीकडून घेतात." ती बाजूला सरली आणि त्यांच्यापुढे जागा मोकळी केली. "परत करा बघू."

दादांनी रांगेकडे बघितलं. पुढे वीसेक माणसं होती, पठाण, बंगाली, एक अरबी कुटुंब. मग त्यांनी दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या.