सावलीत मावतील तेवढी माणसं

गेनूभाऊ पंगतीत वाढायला उभे राहिले, की त्यांची नजर पत्रावळीवर नसायची. ती मांडवाबाहेरच्या चिंचेच्या सावलीवर असायची.

पिंपरी पेंढारला त्या काळी लग्न कुणाचंही असो, आमटीचं वगराळं गेनूभाऊंच्याच हाती. मांडवात एका वेळी शंभर पानं बसत. पुढच्या पंगतीची माणसं सावलीत ताटकळत.

"सावलीत मावतो त्यो थांबतो," गेनूभाऊ सांगायचे. "उन्हात आला का पावणा चपला हुडकतो. उपाशी गेला, राव! मंग लगीन लागून उपेग काय?"

सावलीत तुरळक माणसं असली, की आमटी चुलीवरून थेट उकळती यायची. लोक फुंकर घालत, गप्पा मारत जेवायचे. सावली भरत आली, की भात धोतरावर पसरून निववला जायचा, आमटीच्या बादल्या आधीच काढून ठेवलेल्या असायच्या, आणि पंगत झपाट्यानं उठायची. 'आटपा' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

"मग सगळ्यांनाच निवलेलं वाढा की," मी एकदा म्हणालो. "लवकर उरकेल."

"मास्तर, तुमी लई शिकल्यात. गार आमटी वाढाया आमी काय दुश्मन हाय? ह्यो नीट जेवला पायजे, आन् त्यो उपाशी जाया नको. दोनीच्या मधी जेवढी गरम बसंल, तेवढी गरम."

मी वर्षानुवर्षं गणित शिकवलं. हे गणित मला सुटलं नसतं.

आईच्या दहाव्याला घाटघरपासून माणसं आली. सावली भरून उन्हात सांडली. निवलेल्या आमटीवर पंगत बघता बघता जेवली; फक्त अण्णांचं, माझ्या वडिलांचं, पान तसंच होतं. आई गेल्यापासून ते चहावरच होते. आणि शेवटचा माणूस जेवल्याशिवाय आमच्याकडे पंगत उठत नाही.

"गेनूभाऊ, पावणं निघाली!" चुलते ओरडले. "उठवा पंगत!"

गेनूभाऊंनी उन्हाकडे पाहिलं. लोक खरंच चपला शोधत होते. त्यांनी वगराळं बादलीत ठेवलं आणि अण्णांसमोर मांडी घातली. भर पंगतीत बसलेले गेनूभाऊ गावानं पहिल्यांदाच पाहिले.

"जाऊ द्या त्यांला," ते म्हणाले, आणि अण्णांच्या पानातला भात स्वतःच्या हातानं कालवू लागले. "अण्णा, कुणाला घाई न्हाई. सावकाश."

रस्त्यावर जीप सुरू झाली. गेनूभाऊंनी मान वळवली नाही. अण्णांचा हात पानाकडे गेला.